मॅक मिनी की असेंबल्ड पीसी? सांगलीतल्या स्टुडिओवाल्यांसाठी

तुळशीचं लग्न झालं की सांगली-मिरजेतल्या फोटो स्टुडिओंना मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे नव्या डेस्कटॉपचा विचार दिवाळीच्या आधी होतो, आणि दरवेळी तोच प्रश्न येतो: आत्ता घ्यायचा, की नवं मॉडेल येईपर्यंत थांबायचं? हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडावाच का, याचा मला मनापासून राग येतो. फोन दरवर्षी नवा येतो. ज्या यंत्रावर माणूस पोट भरतो, त्याला मात्र कंपन्या सावत्रासारखं वागवतात.

ॲपलच्या मॅक मिनीचंच बघा, म्हणजे स्क्रीनशिवाय येणारा तो छोटा डेस्कटॉप. २०१४ च्या ऑक्टोबरनंतर तो थेट २०१८ मध्ये बदलला. मधली चार वर्षं दुकानात तोच डबा. वर २०१२ च्या मिनीत चार कोरचा प्रोसेसर मिळायचा, २०१४ च्या मिनीत दोनच कोर आले आणि रॅम बोर्डावर पक्की डकवलेली. ॲपलच्याच मोठ्या डेस्कटॉपची, मॅक प्रोची गत याहून वाईट. २०१३ च्या अखेरीस आलेलं ते काळं नळकांडं २०१९ च्या डिसेंबरपर्यंत तसंच विकलं गेलं. त्याची आतली रचना दोन मध्यम ग्राफिक्स कार्डांची उष्णता धरून केली होती. पुढे सगळा धंदा एका मोठ्या, तापट कार्डाकडे वळला आणि तेवढी उष्णता त्या नळकांड्यातून बाहेर काढता येईना. कंपनीने हे एप्रिल २०१७ मध्ये मान्य केलं. त्यानंतरही नवं मशीन यायला अडीच वर्षांहून जास्त काळ गेला. तेवढ्यात कितीतरी एडिटर विंडोजकडे गेले, आणि त्यांना दोष देता येत नाही.

ॲपलच्या स्वतःच्या चिप (एम१, एम२ अशा पिढ्या) आल्यापासून चित्र सुधारलंय. मिनीला एम१ नोव्हेंबर २०२० मध्ये मिळाली, एम२ जानेवारी २०२३ मध्ये, एम४ ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणजे साधारण दोन वर्षांची खेप. पण मधल्या काळात किंमत सहसा जागची हलत नाही, त्यामुळे खेपेच्या शेवटी घेणारा जुन्या चिपला नव्याचेच पैसे मोजतो. एम४ मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजसह. तेव्हा ५१२ जीबी हवं तर २०,००० रुपये जास्त होते. नंतर रॅम वाढवता येत नाही, म्हणून जी लागेल ती पहिल्याच दिवशी घ्यावी लागते. फोर-के लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याने माझ्या मते २४ जीबीच्या खाली जाऊ नये. स्टोरेजवर मात्र कंपनीला पैसे देऊ नका, बाहेरून चांगली एसएसडी लावा.

मिनीच्या बाजूने दोन गोष्टी ठामपणे सांगतो. एम४ मिनी जास्तीत जास्त ६५ वॅट घेतो, त्यामुळे छोट्या यूपीएसवरही वीज गेल्यावर काम जपून ठेवायला पुरेसा वेळ मिळतो. आणि वजन पाऊण किलोच्या आत आहे. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर ज्यांनी तळमजल्यावरच्या दुकानात अनुभवला, त्यांना यंत्र पिशवीत घालून वर नेता येण्याची किंमत कळते.

आयमॅकबद्दल, म्हणजे स्क्रीनमध्येच बसवलेल्या मॅकबद्दल थोडक्यात: स्टुडिओसाठी नको. एम१ नंतर एम२ गाळून थेट एम३ दिली, २७ इंची मॉडेल मार्च २०२२ मध्ये बंद केलं. शिवाय प्रोसेसर जुना झाला की चांगली स्क्रीनही त्याच्यासोबत बाद होते.

असेंबल्ड पीसीत कंपनीच्या वेळापत्रकाची वाट बघावी लागत नाही. पण इथेही सगळं सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या खाचेवर ठरतं. २०१७ मध्ये एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर तिचा पहिला रायझन प्रोसेसर घेतलेल्यांचं उदाहरण बोलकं आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पहिल्या पिढीचा रायझन विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही. पण त्यातल्या बहुतेक बोर्डांवर बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसतो आणि यंत्र पुन्हा यादीत येतं. बोर्ड तोच, कॅबिनेट तेच, पॉवर सप्लाय तोच. बायॉस अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्डच जाऊ शकतो, म्हणून ते यूपीएसवरच करा. इंटेलवाल्यांना ही सोय नव्हती. सातव्या पिढीचा बोर्ड असेल तर आठवीसाठी नवा बोर्डच घ्यावा लागला. २०२० पासून तर एलजीए१२००, १७००, १८५१ असे तीन सॉकेट झाले.

म्हणून आज जोडायचा असेल तर एएमडीचा एएम५ सॉकेट घ्या. तो २०२२ मध्ये आला, त्यावर रायझन ७००० आणि ९००० दोन्ही चालतात, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालू ठेवण्याचं एएमडीने जाहीर केलंय. ब्रँडेड तयार डेस्कटॉप टाळा. त्यातल्या अनेकांचा बोर्ड आणि पॉवर सप्लाय वेगळ्याच मापाचा असतो, पुढे बदलायला गेलं की अडतं.

आता निवड. एडियसवर एडिटिंग किंवा टॅलीवर हिशेब चालत असेल तर प्रश्नच मिटला, ती विंडोजचीच आहेत. ॲपलच्या फायनल कट एडिटरवर हात बसला असेल तर मिनी, कारण तो विंडोजवर चालत नाही. दाविंची किंवा प्रीमियर ही एडिटिंगची सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला दोन्ही मोकळं आहे. त्याने मिनी नवा येऊन वर्षाच्या आत असेल तर बिनघोर घ्यावा. दीड वर्ष उलटलं असेल आणि ऑर्डरी अंगावर असतील, तर थांबत बसू नये, एएम५ जोडून कामाला लागावं. जोडताना प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या. वॉरंटी प्रत्येक भागाच्या कंपनीची वेगवेगळी असते आणि क्लेमला तेच बिल लागतं.