‘लेखी हेल्थ गॅरंटी’वाल्या ब्रीडरपासून सावध, आमचा अनुभव

कुत्र्याचं पिल्लू घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचा, मोठं आहे पण वाचा. ब्रीडर "एक वर्षाची हेल्थ गॅरंटी, तीही लेखी" म्हणाला की आपण निश्चिंत होतो, आणि खरी गोम त्या लेखीतच असते. आम्हाला तो कागद आधी दाखवलाच नाही, पैसे पूर्ण घेतले, पिल्लू मुलीच्या कडेवर गेलं आणि मग सहीसाठी पुढे केला, आता अशा वेळी कोण पिल्लू खाली ठेवून कलमं वाचत बसणार, आणि हे त्याला बरोबर माहीत असतं.

आमचा लॅब्रेडॉर आहे. वर्षाचा व्हायच्या आधीच जिना चढायला कुरकुर करायला लागला, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायचा. एक्स-रे काढला तर दोन्ही बाजूंना हिप डिस्प्लेसिया. म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत घट्ट बसत नाही, सैल राहतो आणि सांधा झिजत जातो. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत हे बरंच दिसतं, वाढत्या वयातलं वजन आणि खाणं यानेही फरक पडतो पण मूळ अनुवंशिक.

गॅरंटी चालू होती म्हणून फोन केला. पहिला प्रश्न काय तर, आम्ही दिलेलं सप्लिमेंट रोज देत होतात का, बिलं दाखवा. ते त्याच्याकडूनच विकत घ्यायचं होतं बरं का! बिलं नाहीत म्हणजे गॅरंटी बाद. मग म्हणे एक्स-रे आमच्याच डॉक्टरचा लागतो. खूप भांडल्यावर शेवटी "ठीक आहे, कुत्रा परत आणा आणि दुसरं पिल्लू घेऊन जा". घरात वाढलेलं पोर परत द्यायचं आणि दुसरं आणायचं तेही त्याच आईबापाचं! उपचाराच्या खर्चाचं नावच नाही. कोणीही कुत्रा परत देत नाही हे धरूनच ते कलम लिहिलेलं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच कागदात संसर्गाच्या आजारांना ७२ तासांची मुदत होती. पार्वोची लक्षणं लागण झाल्यावर साधारण ३ ते ७ दिवसांनी दिसतात, कधी १४ दिवसही जातात, डिस्टेंपरला तर आणखी वेळ लागू शकतो. म्हणजे पिल्लू त्याच्याकडूनच आजार घेऊन आलं तरी मुदत संपल्यावरच तुम्हाला कळणार, काय हुशारी बघा.

आईबापाचं "व्हेट सर्टिफिकेट" मात्र त्याने लगेच दाखवलं होतं. आमच्या डॉक्टरांनी बघितलं तर नुसती जनरल तपासणी, वजन, ताप, हृदयाचे ठोके, बस. खुब्याचा एक्स-रे नाही की डोळ्यांच्या पीआरएची (हळूहळू दृष्टी जाणारा अनुवंशिक आजार) डीएनए टेस्ट नाही. अमेरिकेतली ओएफए ही संस्था १९६६ पासून हिप्सचं ग्रेडिंग करते आणि कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय फायनल ग्रेड देत नाही, पेनहिप नावाची दुसरी पद्धत आहे ती १६ आठवड्यांपासून करता येते. आमच्या पिल्लाची आई स्वतःच जेमतेम दीड वर्षाची, तिची कसली फायनल ग्रेड! आणि रजिस्ट्रेशनचा कागद फक्त वंशावळ सांगतो, तब्येतीचं त्यात काही नसतं.

एक मात्र खरं, आईबापाचे खुबे चांगले असले तरी पिल्लाला हा त्रास होऊ शकतो. म्हणूनच नीट काम करणारा ब्रीडर शंभर टक्के निरोगी असं कधी बोलत नाही, तो टेस्टचे रिपोर्ट आणि कराराचा मसुदा पैसे घ्यायच्या आधी देतो, आई समोर दाखवतो, ८ आठवड्यांच्या आत पिल्लू हलवू देत नाही, उलट तुम्हालाच प्रश्न विचारून हैराण करतो की घरी कोण असतं, आधी कुत्रा होता का, आणि कुठल्याही वयात सांभाळणं जमलं नाही तर परत माझ्याकडेच आणा असं लिहून देतो. आम्हाला यांनी एकच प्रश्न विचारला होता, पेमेंट कसं करणार.

त्याच जोडीच्या नव्या पिल्लांची जाहिरात सध्या चालू आहे, गॅरंटीचं वाक्यही तेच. कुठलीही अशी जाहिरात बघून फोन करणार असाल तर आधी आईच्या हिप्सचा रिपोर्ट आणि गॅरंटीचा कोरा फॉर्म मागा, टाळाटाळ केली तर ॲडव्हान्स पाठवू नका.