खांबाशी गप्पा मारणारी सेवा : ‘हॅलो लॅम्प पोस्ट’
इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात 2013च्या उन्हाळ्यात पॅन स्टुडिओने सुरू केलेली ही सेवा मला अनेक चकचकीत अ‍ॅप्सपेक्षा सरस वाटते, कारण तिने रस्त्यावर एकही नवे यंत्र बसवले नाही. दिव्यांचे खांब, टपालपेट्या, कचरापेट्या यांवर देखभालीसाठी आधीपासून असलेले क्रमांकच तिने कामी आणले. ‘हॅलो’, वस्तूचे नाव आणि क्रमांक एवढा एसएमएस सेवेला पाठवला, की खांब उलट एसएमएसने प्रश्न विचारी आणि आधीच्या एखाद्या वाटसरूचे उत्तरही ऐकवी. साधा फोन पुरत असल्याने आजीबाईंनाही सहभागी होता येई, हे विशेष. कलाकृती म्हणून तिला पैकीच्या पैकी गुण. मात्र अशा गप्पांतून नगरनियोजनासाठी मते गोळा करायची असतील, तर ती वाचून कार्यवाही करणारा अधिकारी हवा आणि तिची पोच नागरिकाला त्याच फोनवर मिळायला हवी.