गुडघ्याला डायक्लोफेनॅक जेल की कॅप्सायसिन क्रीम? दोन्ही लावून बघितलं, त्याचा अनुभव

उजव्या गुडघ्याला दोन्ही लावून झालंय, आधी एक मग दुसरं, म्हणून लिहितोय. झालेली झीज कशानेच भरून येत नाही, दुखणं थोडं आवाक्यात येतं, एवढीच अपेक्षा धरून वाचा.

कॅप्सायसिन म्हणजे मिरचीला तिखट करणारा घटक. दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा त्याने आधी चांगल्याच भडकतात आणि रोज लावत राहिलं की हळूहळू थंडावतात. त्यामुळे दोन दिवसांत फरक शोधू नका, दोन-चार आठवडे तरी लागतात आणि तेही दिवसातून तीन-चार वेळा नेमाने लावलं तर. पोटाच्या किंवा किडनीच्या त्रासामुळे ज्यांना वेदनाशामक औषधं चालतच नाहीत त्यांना याचा आधार वाटू शकतो, हे मान्यच.

पण माझं घोडं अडलं आंघोळीपाशी. सकाळी लावलेलं, संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलो होतो, आणि गरम पाणी गुडघ्यावर पडलं मात्र, अशी भगभग उठली की तसाच ओल्या अंगाने बाहेर येऊन गार पाण्याचा कपडा धरून बसलो. पुढे कोमट पाणी घेतलं तरी तेच, घाम आला तरी तेच. हात साबणाने दोनदा धुवूनही एकदा चष्मा काढून डोळा चोळला आणि बराच वेळ नळाखाली डोळा धरून उभा होतो, बहुतेक नखात राहिलं असावं. तीन आठवडे काढले, दुखणं थोडं कमी झालंही होतं, पण आंघोळीचीच धास्ती बसली.

डायक्लोफेनॅक म्हणजे वेदनाशामक औषध, त्याचं १ टक्क्याचं जेल लावताना असलं काही नाही. फक्त वाटाण्याएवढं लावून ‘काही उपयोग नाही’ म्हणू नका, मीही आधी तेच करत होतो. एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा, मोजायची पट्टी बरोबर येते ती खरंच वापरा. लावल्यावर दहा मिनिटं कपडा नको, तासभर पाणी नको, वरून शेक किंवा घट्ट पट्टा नको. दुपारचं लावणं राहून जातं ही कटकट आहेच. मला साधारण आठवड्याभरात जिना उतरताना कठड्यावरचा भार कमी झाल्यासारखा वाटला, तुमचं वेगळं असू शकतं.

गोळीच्या मानाने रक्तात फार थोडं जातं, साधारण ६ टक्के, पण अगदीच जात नाही असं नाही. अल्सर, हार्टचा त्रास, किडनी, रक्त पातळ करायची गोळी यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि सोबत पोटातून वेदनाशामक घेत असाल तर तेही आधी सांगा. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली गुडघ्यासाठी अशा वेदनाशामक जेलची ठाम शिफारस केली, कॅप्सायसिनची जरा हात राखून. ते मला नंतर कळलं, तोवर क्रीमची ट्यूब अर्धी भरलेलीच कपाटात गेली होती.