निपल ड्रिंकर, काही महिन्यांच्या वापरानंतर: निपल उत्तम, घात केला झाकणाने

परसातल्या कोंबड्यांसाठी हा बादलीवाला निपल ड्रिंकर (खाली निपल बसवलेली झाकणाची बादली; निपलच्या पिनवर चोच मारली की पाणी येतं) घेऊन बरेच महिने झाले. किती लिटरचा, निपल किती, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा लिहीत नाही. निपल चांगले आहेत, बादली मजबूत आहे, आणि बदलून आलेल्या झाकणापायी माझी एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, गेली. म्हणून यातलं बरंचसं झाकणाबद्दलच आहे.

आधी चांगलं ते सांगते. पूर्वी पसरट भांड्यात पाणी ठेवायचे. कोंबड्या पायाने तूस उकरून त्यात टाकायच्या, वर शीट पडायची, आजूबाजूची तुसाची गादी कायम ओली. रक्ती हगवणीच्या परजीवीला नेमकं हेच हवं असतं: ऊब आणि ओल मिळाली की शिटेतून पडलेली त्याची अंडी एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. निपल आल्यापासून तूस कोरडं राहिलं, खुराड्यातला अमोनियाचा उग्र वास गेला. पिल्लंही चटकन शिकली. एकीने लाल पिनवर चोच मारली की बाकीच्या बघून मारतात.

पुढे उन्हाने झाकणाला तडा गेला. कंपनीने कुरकुर न करता नवं पाठवलं, आतून रबरी रिंग असलेलं ‘सुधारित’ झाकण. दाबलं की टक् करून बसायचं. मुंगी नाही, धूळ नाही, शेवाळ नाही. तेव्हा मी पाच तारे दिले होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी तलंग गेली. वयात यायला अजून अवकाश होता, कळपात सगळ्यात लहान. आदल्या संध्याकाळी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली होती, सकाळी आडवी. जखम नाही, ओढाताणीची खूण नाही. उचलली तर छातीचं हाड हाताला धारदार लागलं. पिसांमुळे वरून काही कळत नव्हतं, पण आतून ती आधीपासूनच वाळत आली होती. पायांची कातडी सुकलेली, गळ्याजवळच्या अन्नपिशवीत जेमतेम चार दाणे.

इतक्या लहान वयात मरतूक झाली की पहिला संशय रक्ती हगवणीचाच येतो. पण शिटेत रक्त नव्हतं, तुराही पांढुरका पडला नव्हता. मानमोडी (राणीखेत) म्हणावी तर हिरवी हगवण नाही, मान वळलेली नाही, बाकीच्या सगळ्या धडधाकट. मरेक्स या विषाणूच्या रोगात बऱ्याचदा एक पाय पुढे आणि एक मागे असा लुळा पडतो; ही आदल्या दिवशीपर्यंत नीट चालत होती, आणि लस अंड्यातून निघाल्या दिवशीच झाली होती.

मग शवविच्छेदन करून घेतलं. कुणावर ही वेळ आली तर मेलेला पक्षी फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. गोठला की पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला नीट काही दिसत नाही. साधारण 4 अंशांवर, आणि होता होईल तो 24 तासांच्या आत न्यावा.

पशुवैद्यांनी पोट उघडलं आणि मला जवळ बोलावलं. हृदयावर आणि यकृतावर खडूची भुकटी चाळून टाकावी तसा पांढरा थर. मूत्रपिंडं सुजून फिकट पडलेली, त्यांच्यातून निघणाऱ्या नळ्या पांढऱ्या गाळाने तुंबलेल्या. गाऊट. कोंबडीला आपल्यासारखी पातळ लघवी नसते. शिटेवरचा पांढरा भाग म्हणजे युरिक ॲसिड. ते धुऊन बाहेर काढायला मूत्रपिंडाला पाणी लागतं. पाणी कमी पडलं की ते आत साचतं, आणि पक्षी शेवटपर्यंत आजार दाखवत नाही.

त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देता का? त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या पक्ष्याला एक टक्क्याच्या आसपास पुरतं, जास्तीचं मूत्रपिंड बिघडवतं. आमच्याकडे सगळ्यांना ग्रोवर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) आणि अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. सर्दी, खोकला, पातळ कवचाची अंडी? ब्राँकायटिसच्या विषाणूचे काही प्रकार मूत्रपिंडावर जातात. तसंही काही नव्हतं. तिसरा प्रश्न पाण्याचा. पाणी तर रोज अर्ध्या बादलीच्या वर दिसायचं.

तिथेच माझ्या डोक्यात लख्ख पडलं. उन्हाळ्यात बादली अर्ध्याच्या वर उरतेच कशी? कोंबडी खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिते, उन्हात त्याहून जास्त. खाद्यही उरत होतं, पण उकाड्यात त्या कमी खातातच. शिटेतला पांढरा भाग घट्ट आणि जास्त दिसत होता, तोही आता वेगळा वाटायला लागला.

आधी निपलवर संशय घेतला. क्षार बसले असतील म्हणून काढून व्हिनेगरमध्ये भिजवले, पण आत काही नव्हतंच. मग बादली भरली, झाकण टक् करून लावलं, निपलखाली मापाचा पेला धरून पिन दाबून ठेवली. सुरुवातीला धार चांगली. थोडं पाणी गेल्यावर ती बारीक झाली, मग थेंब, मग थेंबांमध्येही खंड. बादली जवळजवळ भरलेली. झाकणाची कड नखाने उचलली, फस्स करून हवा आत गेली आणि धार पुन्हा सुरू.

रिंग इतकी घट्ट बसते की खाली गेलेल्या पाण्याच्या जागी हवा येत नाही. आत पोकळी तयार होते आणि तीच पाणी धरून ठेवते. जुन्या झाकणाला रिंगच नव्हती, कडेने हवा जायची, म्हणून इतके महिने काही झालं नाही. थेंब थेंब येत असताना ते दांडग्या कोंबड्यांच्या वाट्याला जातात. सगळ्यात लहान तलंग पुढे गेली की टोच खाऊन मागे यायची. बाकीच्या का वाचल्या, याचं उत्तर तेच.

कंपनीला व्हिडिओ पाठवला. पहिलं उत्तर: पक्षी आजारी असेल. शवविच्छेदनाचा कागद पाठवल्यावर: रोज झाकण उघडून बंद करावं. माहितीपत्रकात असं एक अक्षर नाही. झाकणाला भोक पाडू का, विचारलं तर म्हणे वॉरंटी जाईल. एका भोकाचा प्रश्न आहे, ते साच्यातच ठेवायला काय अडचण आहे?

वॉरंटी सोडली. बादलीच्या वरच्या काठाखाली, झाकणाच्या कडेच्या आडोशाला 3 मिलिमीटरचं भोक पाडलं आणि आतून बारीक जाळी चिकटवली. त्या दिवसापासून बादली संध्याकाळपर्यंत तळाला जाते आणि खाद्य उरत नाही.

पाचाचे दोन तारे करते आहे. निपलसाठी चार दिले असते. ज्यांच्याकडे रिंगवालं झाकण आहे त्यांनी आजच पेला धरून पाहा, पहिल्या धारेवर थांबू नका. लिटरभर पाणी जाऊ द्या आणि मग धार बघा.