घरच्या गोबरगॅसचा वापरानंतरचा अनुभव

साताऱ्यात घरामागे हजार लिटरची टाकी आणि तिच्यात उपडी बसवलेली साडेसातशे लिटरची, असा आमचा गोबरगॅस गेल्या उन्हाळ्यापासून चालू आहे. मूळ रचना पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेची. संस्थापक डॉ. आनंद कर्वे यांच्या या कामासाठी संस्थेला २००६ साली अ‍ॅश्डेन हा शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला होता.

शेण लागतं ते सुरुवातीला, विरजणापुरतं. पहिला गॅस पेटतच नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो सोडून द्यायचा. विक्रेता हे बोललाच नव्हता, वर ‘आठवड्यात स्वयंपाक सुरू’ म्हणाला. निळी ज्योत दिसायला महिना उलटला.

पुढे सगळं घालण्यावर आहे. उरलेला भात, शिळी भाकरी, गिरणीत झाडून काढलेलं पीठ पाण्यात कालवून घातलं की दुसऱ्या दिवशी ड्रम, म्हणजे ती उपडी टाकी, गॅसने भरून वर येतो. शेणावर एवढा गॅस मिळत नाही, कारण त्यातलं पचण्यासारखं बरंचसं जनावराने आधीच पचवलेलं असतं. पण हावरेपणा नको. पीठ जास्त झालं की आत आंबट होतं, मिथेन तयार करणारे जिवाणू मंदावतात आणि गॅस बसतो. मग चार दिवस उपास आणि थोडा शेणकाला. लिंबाची सालं, हाडं, आंब्याच्या कोयी यांना प्रवेश नाही.

उन्हाळ्यात दोन वेळचा चहा आणि कुकरभर भात निघायचा. डिसेंबरात निम्म्यावर आलं. कोमट पाण्यात कालवून थोडाफार फरक पडतो, इतकंच. एक घनमीटर गॅस म्हणजे जेमतेम अर्धा किलो एलपीजी, तेव्हा सिलिंडर बंद होईल या भ्रमात राहू नका, तो लांबतो. शेगडीच्या जेटचं, म्हणजे गॅस येतो त्या तोटीचं, भोक मोठं करून घ्यावं लागतं. दाब कमी वाटला तर ड्रमवर विटा. ज्योत फडफडली तर नळीत पाणी साचलंय, ते आधी काढा.

‘तयार कंपोस्ट’ ही जाहिरात मात्र अर्धीच खरी. बाहेर येते ती पातळ स्लरी, म्हणजे टाकीतला कुजलेला काला. पाणी घालून वांग्यांना, कढीपत्त्याला देतो, झाडं खूश आहेत. खतच हवं असेल तर ती पालापाचोळ्याच्या खड्ड्यात ओतावी.

पावसाळ्यात दोन टाक्यांमधल्या फटीत पाणी शिरून स्लरी अंगणात वाहते, वर पत्रा हवाच. ऊन लागणारी मोकळी जागा आणि रोज कालवायला तयार असलेलं माणूस घरात असेल तर घ्या. फ्लॅटच्या बाल्कनीसाठी विचारत असाल तर नको.