नऊ महिन्यांनंतरचा ई-रीडर: विज्ञानाची पुस्तकं आणि न दिसलेली पिवळी रेषा

हायड्रोजनच्या दृश्य वर्णपटात, म्हणजे त्याचा प्रकाश रंगारंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्टीत, चार रेषा असतात. गेल्या महिन्यात माझ्या ई-रीडरवर पाच दिसायला लागल्या. पुस्तकातलीच चूक असेल म्हणून पान उलटलं, तर पुढच्या पानावर मजकुराच्या मधूनही तीच उभी पांढरी रेघ गेलेली. पडदा गेला. वॉरंटीला तीन महिने शिल्लक आहेत. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत, ती परत लिहीत नाही. सहा इंची, काळा-पांढरा, संक्रांतीच्या आधी नऊ हजाराला घेतलेला.

मी खानापूरहून रोज बसने बेळगावच्या उद्यमबागला कामाला जातो. जाता-येता दीड तास मिळतो. त्यात नऊ महिन्यांत अकरा पुस्तकं झाली: जनुकं, लसी, चिप कशी बनते, तारे. एवढी विज्ञानाची पुस्तकं मी आधीच्या दहा वर्षांत वाचली नव्हती. वजन नाही, मराठी अक्षरं मोठी करता येतात, जोडाक्षरं फुटत नाहीत. मराठी शब्दकोश मात्र नाही, हे दुकानदाराने सांगायला हवं होतं.

बॅटरीला शंभर टक्के मार्क. जुलैत आमच्याकडे तीन दिवस लाईट नव्हती आणि पावसाने घराबाहेर पाय टाकता येत नव्हता. मोबाईल पहिल्याच रात्री बंद पडला, रीडर चालूच. पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यात विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण. पान बदलताना तेवढी वीज लागते, मग कण जिथल्या तिथे राहतात. हेसुद्धा मला त्याच पडद्यावर वाचून कळलं.

आता मूळ दुखणं. रंग.

मे महिन्यात ताऱ्यांवरच्या पुस्तकात हेलियमचं प्रकरण आलं आणि वाचता वाचता 'जमखंडी' हे नाव दिसलं. माझ्या आत्याचं सासर! १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, जमखंडीत वर्णपटदर्शक लावून बसला होता. ढग आडवे येत होते. तरी सूर्य पूर्ण झाकल्यावर कडेच्या ज्वालांमध्ये त्याला तीन झळाळत्या रेषा दिसल्या: लाल, नारिंगी, निळी. विजापुरात कॅप्टन हेग होता, तिकडे गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन. शाळेच्या सहलीत विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' म्हणतात ते चौथरे दाखवून, लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाला हेलियम इथे सापडला असं आम्हाला सांगितलं होतं. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहण नसताना, त्या रेषा पाहिल्या. आमच्या भागाचा या गोष्टीतला खरा वाटा जमखंडी आणि विजापूर, आणि तो आम्हाला कुणी कधी सांगितला नाही. बसमध्ये मला शेजारच्याला हलवून सांगावंसं वाटलं.

सगळी गोष्ट त्या पिवळ्या-नारिंगी रेषेवर उभी आहे. आधी ती सोडियमचीच वाटली. सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर, ही ५८७.६ वर. एवढ्याशा फरकातून नवं मूलद्रव्य निघालं, आणि पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडलं, रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती. पुस्तकात दोन्ही वर्णपट एकाखाली एक दिले आहेत. माझ्या पडद्यावर ते म्हणजे दोन करड्या पट्ट्या. सोळा छटांचा करडा रंग, त्यात लाल कुठली आणि निळी कुठली? मुलगी नववीत आहे, तिने बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, ह्यात रंगच नाहीत की!" मी त्या रात्री चिडून ठरवलं होतं, विज्ञानाच्या पुस्तकांसाठी हे यंत्र कुणी घेऊ नये असं लिहायचं.

ते मत आता बदललंय. जूनमध्ये वाचनालयातून त्याच पुस्तकाची कागदी प्रत आणली. साडेचारशे रुपये किंमत, आणि वर्णपटाचं पान तिथेही करडंच! खाली ओळ मात्र तशीच: 'पिवळी रेषा स्पष्ट दिसते.' म्हणजे खोट एकट्या रीडरची नाही. रंगीत पान छापायचं नव्हतं तर रेषेशेजारी आकडा तरी लिहायचा. प्रकाशकाला तसं पत्र टाकलं, उत्तर आलेलं नाही.

शेवटी पिवळा रंग दिसला तो चुलीशी. भाताचं मिठाचं पाणी उतू गेलं आणि गॅसची निळी ज्योत भक्कन पिवळी झाली. हेच सोडियम, तीच ५८९. मुलीला हाक मारून दाखवलं, मग चिमूटभर मीठ पुन्हा टाकून दाखवलं. बायकोने बर्नर पुसायला लावला.

सर्व्हिसचं सांगतो. फोनवर कन्नड, हिंदी, इंग्रजी, मराठी नाही. त्याची तक्रार नाही, मला कन्नड येतं. तक्रार ही आहे की फोटो बघून 'दाब पडलाय, वॉरंटीत बसत नाही' म्हणाले. यंत्र हातात न घेता कसं कळलं? रीडर कायम जाड कव्हरमध्ये, डब्याच्या पिशवीतसुद्धा मी कधी घातला नाही. बेंगळुरूला स्वखर्चाने पाठवा, नवा पडदा साडेसहा हजार. नऊ हजाराच्या वस्तूला! मी दोनदा लेखी कळवलं की आधी उघडून बघा, मग बोला. अजून भांडतोय.

तोवर वापर चालू आहे. रेघ डाव्या कडेपासून सेंटीमीटरभर आत आहे. सेटिंगमध्ये समास सगळ्यात रुंद केला की ती समासात जाते आणि मजकूर मोकळा राहतो. चित्रांना समास लागत नाही, त्यामुळे वर्णपटावर पाचवी रेषा येतेच. मुलीने स्केचपेनने हायड्रोजन, सोडियम, हेलियम तिन्ही पट्ट्या वहीच्या पानावर आकड्यांसकट काढून दिल्यात. तो कागद मी कव्हरच्या आत ठेवतो.