बॅटची ग्रिप: टेनिसवाली पकड की लेदरवाली, आणि दांड्यावर रबर कोणतं?

कपाशीची उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या निघाल्या की आमच्याकडे रिकाम्या वावरात खेळपट्ट्या तयार होतात. गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात आणि दरवर्षी दोन-तीन पोट्टे बॅट घेऊन माझ्याकडे येतात. "काका, शॉट मारताना बॅट हातात फिरते. नवीन ग्रिप टाकू का?"

मी आधी त्यांना बॅट धरायला लावतो. बहुतेकदा दोष रबरात नसतो, हातात असतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी पकड ठरवा, रबराचं नंतर पाहू.

पकड मुख्यतः दोन प्रकारची. बॅट जमिनीवर पालथी टाका, दांडा आपल्याकडे ठेवा आणि कुऱ्हाड उचलतो तशी दोन्ही हातांनी उचला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये इंग्रजी व्ही दिसतो. दोन्ही हातांचे व्ही एका रेषेत असतील आणि ती रेषा बॅटच्या पाठीचा कणा आणि बाहेरची कड यांच्या मधोमध जात असेल, तर ही व्ही पकड. खालचा हात दांड्याच्या मागे सरकलेला असेल, तळवा दांड्याला घट्ट चिकटलेला असेल आणि दोन व्ही दोन दिशांना पाहत असतील, तर ती ओ पकड. आमच्या गावातली निम्म्याहून जास्त पोरं ओ पकडीनंच खेळतात. त्यांना ती कोणी शिकवली नाही. टेनिस बॉलनंच शिकवली.

कारण उघड आहे. वाळलेल्या काळ्या मातीवर टेनिस बॉल कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत उसळतो. तो लेगला ओढून मारायचा तर ताकद खालच्या हाताची लागते आणि ओ पकडीत ती पूर्ण मिळते. सहा-आठ ओव्हरच्या मॅचमध्ये हेच शॉट रन देतात. तुम्ही फक्त टेनिस बॉलवर खेळत असाल, वय पंचविशीच्या पुढे असेल आणि रन होत असतील, तर पकडीला हात लावू नका. पुस्तकात वेगळं लिहिलं आहे म्हणून चालता हात बिघडवायचा नसतो. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनची पकडही पुस्तकी नव्हती. लहानपणी ते एकटेच स्टंप हातात घेऊन टाकीच्या भिंतीवरून उलटणारा गोल्फचा चेंडू मारत बसायचे. हात त्यातून घडले आणि कसोटीतली सरासरी 99.94 झाली.

लेदर बॉलचं गणित मात्र वेगळं. नवा चेंडू हवेत वळतो, पुढे पडतो आणि बॅट सरळ आली नाही तर घात करतो. ओ पकडीत खालचा हात जोर करतो आणि बॅटचं तोंड लवकर बंद होतं. मिडऑनकडे मारायला गेलेला चेंडू पुढच्या कडेला लागून उलट बाजूला, कव्हरला उभ्या फिल्डरच्या हातात जातो. आमच्या तालुक्याच्या संघातला एक चांगला हात असलेला पोरगा निवड चाचणीत तीनदा असाच झेल देऊन आला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की चूक पायात नाही, उजव्या पंजात आहे. व्ही पकडीत वरचा हात बॅट चालवतो, खालचा हात अंगठा आणि दोन बोटांनी नुसता सोबत करतो. सरळ ड्राइव्ह, डिफेन्स, कट, सगळ्यांना जागा राहते.

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा जिल्ह्याच्या चाचणीला जायचं म्हणतो, तर माझं स्पष्ट मत: आजच व्हीवर या. महिना-दोन महिने टेनिसमध्ये सिक्स कमी जातील, ते सोसा. नागपूरजवळच्या वलनीचा उमेश यादव टेनिस बॉलवरून बराच उशिरा लेदरकडे वळला आणि भारताकडून खेळला, हे आमच्या पोरांना पाठ आहे. पण तो बॉलर. बॅट्समनचे हात एकदा बसले की हलता हलत नाहीत. फक्त स्पर्धेच्या आठवड्यात बदल करू नका.

खालचा हात ढिला राहतच नसेल तर ऑस्ट्रेलियाचा गिलख्रिस्ट आठवा. 2007 च्या वर्ल्डकप फायनलमध्ये त्यानं खालच्या हाताच्या ग्लोव्हमध्ये स्क्वॉशचा अर्धा चेंडू ठेवला होता. मूठ पूर्ण आवळलीच जात नव्हती. 104 चेंडूंत 149 मारले. सरावात चिंधीची छोटी गुंडाळी तळव्यात धरून पाहा, काय ते लगेच कळतं.

दांड्यावर हात कुठे, हाही प्रश्न येतो. हात खाली असले की ताबा जास्त, सचिनचे तसेच असत. वर धरले की फटका लांब. गावात मात्र एकच मोठी बॅट सगळ्या टीमची असते. बारा वर्षांचं पोरगं नाइलाजानं हात खाली नेतं. त्याची पकड बदलू नका, मापाची बॅट द्या.

आता रबर. शेवरॉन म्हणजे व्हीच्या नक्षीचं पातळ, जरा कडक रबर. दांडा हाताला नीट कळतो, टिकतंही. ऑक्टोपस म्हणजे गोल गोल कड्यांचं मऊ रबर. झिणझिण्या कमी येतात, ओल्या हातातही पकड राहते, पण कड्यांत माती भरते आणि ते लवकर झिजतं. टेनिस आपण ग्लोव्हशिवाय खेळतो. एप्रिल-मेच्या उन्हात तळव्यातून पाणी गळतं, तिथे माझी पसंती ऑक्टोपसला. ग्लोव्ह घालून लेदर खेळत असाल तर शेवरॉन पुरे. सायकलची ट्यूब कापून चढवायची जुनी पद्धत अजून आहे, पैसे वाचतात हे खरं. पण घाम आला की ट्यूब साबणासारखी निसटते. मेमध्ये माझ्याच हातून अशी बॅट सुटून स्क्वेअर लेगला उभ्या पोराच्या गुडघ्यावर बसली. तेव्हापासून ट्यूब बंद.

एकावर एक दोन रबरं चढवायची फॅशन आहे. पंजा मोठा असेल तरच करा. वरच्या हातानं दांडा धरल्यावर बोटांची टोकं तळव्याच्या बुडाला जेमतेम टेकली पाहिजेत. मध्ये मोठी फट राहिली तर दांडा जाड झाला, मनगट फिरणार नाही. बोटं तळव्यात रुतत असतील तर दुसरं रबर चालेल.

चढवण्याआधी जुनं रबर काढून दांड्यावरचा दोरा पाहा. तो सुटला असेल तर कोणतंही रबर फिरणारच. दोरा घट्ट गुंडाळून घ्या, पावडर टाका, रबर मोज्यासारखं गुंडाळून वरून खाली सोडत आणा आणि खालच्या टोकाला टेपचे दोन वेढे द्या.